एक्केचाळिसावं नाव

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात ज्या सहा बोअर घेतल्या गेल्या, त्यांच्या जागा चुकीच्या होत्या. ज्या सर्वेक्षकाच्या नावावर ही चूक मांडली गेली, त्याची ती नव्हती. शहरातल्या यंत्राचीही नव्हती. चूक माझी होती, आणि ती कळल्यावर मी जे केलं ते चुकीपेक्षा वाईट होतं. एवढं आधीच लिहून ठेवतो. पुढे लिहिताना माझा हात मला वाचवायला गेला, तरी वाचणाऱ्याला ते कळेल.

सत्तरचं दशक संपायला आलं होतं. वाशिम जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. पाणीटंचाईच्या कामासाठी आमच्याकडे एक तात्पुरतं कार्यालय उघडलं होतं आणि त्यात मी तात्पुरता कारकून होतो. वय चोवीस. टिनाचं छप्पर, दोन टेबलं, एक जीप आणि आमचे साहेब. साहेब याच भागातले, बोलायला मोकळे, रागवायलाही मोकळे.

बोअरची गाडी त्या काळी दुर्मीळ होती. पूर्ण भागासाठी एकच गाडी येणार होती आणि ती बारा दिवसच थांबणार होती. मागणी होती चाळीस गावांची. कुठे खणायचं हे ठरवायला एक सर्वेक्षक आले होते. पन्नाशी उलटलेले, पुण्याकडचे, किडकिडीत. जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि खालच्या खडकात ओल आहे की नाही याचा अंदाज घ्यायचा, हे त्यांचं काम. मार्चच्या उन्हात त्यांनी पायी आणि जीपने चाळीस ठिकाणं केली. प्रत्येक जागेला शंभरपैकी गुण दिले. त्यांच्या वहीत गावांची नावं नव्हती, नुसते क्रमांक होते, एक ते चाळीस, आणि पुढे गुण. कोणत्या क्रमांकाला कोणतं गाव, ही यादी माझ्याकडे होती. पुढारी मंडळींनी वही चाळून काही खटपट करू नये म्हणून सर्वेक्षकांनीच तशी पद्धत ठेवली होती.

पहिला क्रमांक मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्याचा होता. सर्वेक्षणाला तिथूनच सुरुवात झाली, म्हणून तो पहिला. मीही त्या दिवशी सोबत होतो. तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, हा उंच, पांढऱ्या पागोट्याचा माणूस. खुंट्या ठोकताना तो सगळा वेळ शेजारी उभा होता. शेवटी त्याने विचारलं, "हाय का, साहेब?" सर्वेक्षक सहसा जागेवर काही सांगत नसत. पण त्या दिवशी वहीत लिहिता लिहिता ते म्हणाले, "आहे. चांगलं आहे." नायकाने त्या जागी आपल्या हाताने दगडांची छोटी रास रचली. तांड्याला पाण्यासाठी दीड कोस चालावं लागत होतं, आणि दरवर्षी होळी झाली की निम्मा तांडा कामासाठी बाहेर पडायचा. नायकाने आम्हाला सरळच सांगितलं, "यंदा पाणी लागलं तं तांडा राहते. नाई लागलं तं उठते. मंग कोनी परत येत नाई."

आता यंत्राकडे येतो.

शहरातल्या एका महाविद्यालयात नवा संगणक आला होता. तिथल्या एका प्राध्यापकांनी आमच्या वरिष्ठांना सांगितलं की तुमचे आकडे द्या, आम्ही यादी लावून देतो. आधी गुण, गुण सारखे आले तर गावाची लोकसंख्या आणि जवळच्या विहिरीचं अंतर, हे धरून यंत्र क्रम ठरवणार. त्यासाठी आकडे ठरावीक पद्धतीने लिहून पाठवायचे होते. ती पद्धत शिकायला कार्यालयातून मला पंधरा दिवस शहरात पाठवलं. आमच्या गावात मॅट्रिकच्या पुढे गेलेली पोरं थोडी, त्यात मी 'कॉम्प्युटर' शिकायला गेलो. परत आल्यावर शेलूबाजारच्या हॉटेलात चहावाला मला "मशीनवाले बाबू" म्हणू लागला. ते मला फार आवडायचं. हे लिहायला लाज वाटते, पण पुढचं सगळं त्या आवडण्यातून झालं.

शिकवणाऱ्या बाई अतिशय नेटक्या होत्या. त्या भाषेला बेसिक म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. ओळीला आधी क्रमांक द्यायचा, मग 'डेटा' हा शब्द, मग यादी. यादीत नाव असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरणचिन्हं. आकडा असेल तर तो उघडा. दोन गोष्टींच्या मध्ये स्वल्पविराम, शेवटच्या गोष्टीनंतर काही नाही. आकडा अवतरणात टाकला तर यंत्र त्याची बेरीज करत नाही, त्याला नाव समजतं. नावाची चिन्हं विसरलात तर 'खुर्द' आणि 'बुद्रुक' कुठे तुटतील सांगता येत नाही. नावांची एक यादी, गुणांची दुसरी यादी. यंत्र पहिल्या नावाला पहिले गुण देतं, दुसऱ्याला दुसरे, असं ओळीने. बाई म्हणाल्या, "त्याला गाव कळत नाही, पाणी कळत नाही. कितवं आहे तेवढंच कळतं."

हे मी वहीत उतरवून घेतलं होतं. माझ्या अक्षरातलं ते वाक्य आजही माझ्याकडे आहे.

पण पहिल्या दिवशी बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली होती, आणि माझ्या डोक्यात तीच पक्की बसली. 'प्रिंट' असं लिहून पुढे अवतरणचिन्हांत काहीही लिहिलं की यंत्र ते जसंच्या तसं कागदावर छापतं. त्यांनी माझं नाव लिहायला लावलं. यंत्राने खडखड करत ते छापलं. तो कागद मी घरी आणून वडिलांना दाखवला. तेव्हापासून माझी समजूत झाली की अवतरणचिन्हांत टाकलेलं सगळं यंत्र तसंच कागदावर आणतं.

परत येऊन मी पत्रकं भरायला बसलो. छापील चौकटींचे कागद होते, एका चौकटीत एक रोमन अक्षर. कागदाला वर समास नव्हता. पहिली ओळ म्हणजे पहिली चौकट.

आमच्या घरी कोणताही कागद वर श्री लिहिल्याशिवाय सुरू होत नसे. पोस्टकार्ड असो, लग्नाच्या सामानाची यादी असो, वडील आधी मधोमध श्री काढायचे. मी ज्यांच्या माडीवर खोली घेऊन राहत होतो ते जैन दुकानदारसुद्धा वाण्याच्या पुडीवर हिशोब मांडला तरी कोपऱ्यात श्री काढायचे. कोऱ्या कागदावर एकदम गावाचं नाव लिहायला माझा हात धजेना. एवढं मोठं काम, चाळीस गावांच्या पाण्याचं. मग मी विचार केला, आणि तेव्हा तो फार हुशारीचा वाटला. नियम आहे ना, अवतरणात टाकलेलं जसंच्या तसं छापतं? मी पहिल्या ओळीत, 'डेटा' शब्दानंतर, दुहेरी अवतरणचिन्हांत रोमन अक्षरांत श्री लिहिलं. स्वल्पविराम दिला. पुढे तांड्याचं नाव. मग बाकीची एकोणचाळीस.

गुणांच्या यादीवर मी श्री लिहिलं नाही. तिथे सगळे आकडे उघडे होते, अवतरणचिन्हं नव्हती, आणि आकड्यांत नाव घुसवायचं नाही हा नियम मला पाठ होता.

म्हणजे नावं एक्केचाळीस झाली आणि गुण चाळीस.

कार्बन ठेवून नक्कल केली, मूळ पत्रकं एस.टी.च्या पार्सलने शहराला गेली. आठ दिवसांनी दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद आला. साहेबांनी आधीच कळवलं होतं की फक्त नावं छापा, क्रमाने. गुण छापले तर प्रत्येक सरपंच गुणपत्रिका घेऊन भांडायला येईल. त्यामुळे कागदावर नुसती नावं होती, एकाखाली एक. आणि सगळ्यांत वर होतं श्री.

साहेब कागद हातात घेऊन हसले. "पाह्य बापा! मशीन बी संस्कारी निघाली!" त्यांनी शिपायाकडून कुंकू मागवलं आणि त्या अक्षरांवर बोट टेकवलं. मी फुशारून गेलो. मी वर लिहिलं होतं, ते वरच छापून आलं, यात मला काहीच नवल वाटलं नाही. यादी गुणांनुसार लागून आली आहे, पहिली जागा सर्वांत जास्त गुणांची आहे, हे मला माहीत असून त्या क्षणी माझ्या मनाला शिवलं नाही. श्रीला पहिले गुण मिळाले होते, आणि ते पहिले गुण तांड्याचे होते. तांड्याला दोन क्रमांकाच्या गावाचे गुण, दोनला तीनचे, असं शेवटपर्यंत. यंत्र चाळीस मोजून थांबलं, त्यामुळे शेवटचं गाव यादीतून गळलं, पण नावं कोणी मोजली नाहीत. तांडा यादीत एकतिसावा आला होता.

एप्रिलमध्ये गाडी आली. पहिली जागा धनजकडच्या एका गावातली. अख्खं गाव जमलं, नारळ फुटला. दुपारपर्यंत गाडीचा आवाज आणि पांढरी धूळ. दोनशे फुटांपर्यंत कोरडी धूळच उडत राहिली. गाडीवरचा चालक परप्रांतातला होता. तोंडाला बांधलेलं फडकं खाली करून तो म्हणाला, "साहब, पत्थर के नीचे भी पत्थर है." दोन दिवसांनी दुसरी जागा. तीही कोरडी.

साहेबांचा चेहरा उतरला. वरून विचारणा आली. त्यांनी सर्वेक्षकांना तार करून बोलावून घेतलं आणि मला सांगितलं, "वही काढ. तुझी नक्कल काढ. उद्या सकाळी तिसऱ्या जागेवर दोन्ही घेऊन ये. त्याचेच आकडे खोटे असतीन."

मी भर दुपारी टिनाखाली एकटा बसून दोन्ही जुळवायला घेतलं. वहीत चाळीस. नकलेवर बोट ठेवून नावं मोजली. एक्केचाळीस. पुन्हा मोजली. वाटलं, एखादं गाव दोनदा लिहिलं असेल. गाव शोधत वरून खाली गेलो, खालून वर आलो. पहिल्या चौकटीपाशी बोट थांबलं. बाईंचं वाक्य आठवलं: कितवं आहे तेवढंच कळतं. मग मी कागदाच्या मागच्या बाजूला खरा क्रम लावून पाहिला. तांड्याला शहाऐंशी गुण होते. दुसऱ्या कोणाला ऐंशीसुद्धा नव्हते. आम्ही जिथे खणलं त्या दोन जागांना बावीस आणि सतरा.

त्या क्षणी उठून साहेबांच्या घरी गेलो असतो, तर गाडीचे आठ दिवस बाकी होते. तांडा पंचवीस मैलांवर. मी गेलो नाही. स्वतःला सांगितलं की सकाळी जागेवर सगळे असतील, तिथे सांगू. सकाळी सांगायचंच, असं ठरवून मी तिसऱ्या जागेवर पोचलो.

तिथे सगळेच होते. गाडी उभी राहिली होती, गावातली माणसं बांधावर बसली होती. सर्वेक्षक पहाटेच्या एस.टी.ने आले होते आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत उभे होते. आणि माझ्या आधी तांड्याचा नायक येऊन बसला होता. चालत आला होता. मला पाहून उठला.

"राम राम, बाबू."

"राम राम."

"आमचा तांडा पह्यला मोजला ना तुमी?"

"हो."

"मंग यादीत खाली काहून?"

"मशीनने ठरवलं, नायक. आपल्या हातात नाही ते."

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मशीन तांड्यावर आलं होतं का?"

बांधावरची माणसं हसली. मीही हसलो. तो हसला नाही.

तेवढ्यात साहेब तावातावाने आले. "हे पाहा साहेब," ते सर्वेक्षकांना म्हणाले, "दोन जागा कोरड्या. मले वर तोंड दाखवायची सोय नाई राह्यली. तुमच्या खुंट्यायनं काय मोजलं, सांगा बरं!"

सर्वेक्षक शांतपणे म्हणाले, "मी या जागेबद्दल बोलतो. ही मला आठवते. हे बाभळीचं बेट, तो खालचा काळा खडक. मी इथे वीसच्या आत गुण दिले होते. इथे खणू नका. वही आणा."

वही माझ्या हातात होती, नक्कल पिशवीत. साहेबांनी ती घेतली आणि उघडली. "इथं तं नुसते नंबर हायत. ही जागा कितवी?" ते माझ्याकडे वळले. "सांग ना. यादी तुझ्यापाशी हाय."

ती जागा सतरावी होती. सतराव्याला वहीत एकोणीस गुण होते. मी सतरा म्हटलं असतं, तर तिथल्या तिथे सगळं उघड झालं असतं. सर्वेक्षक बरोबर ठरले असते, माझी नक्कल तपासली गेली असती, गाडी त्याच दुपारी मानोऱ्याकडे निघाली असती. मला हे सगळं त्या वेळी दिसत होतं. गोंधळून बोललो, असं मी कधी कधी स्वतःला सांगत आलो, ते खोटं आहे. मला हेही दिसत होतं की बांधावरची माणसं माझ्याकडे मशीनवाला बाबू म्हणून पाहत आहेत, आणि साहेबांनी आठच दिवसांपूर्वी मला कायम करण्याची शिफारस लिहिली आहे.

"अठरा, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी बोट फिरवलं. "अठरा... चौऱ्याहत्तर!" त्यांनी वही सर्वेक्षकांच्या डोळ्यांसमोर धरली. "चौऱ्याहत्तर! तुमचंच अक्षर हाय ना?"

सर्वेक्षकांनी चष्मा लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी बाभळीकडे पाहिलं, खडकाकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "नक्की अठरा? पत्रक नीट भरलं होतं ना?"

"नक्की, साहेब. पत्रक बरोबर आहे."

त्यांचा आवाज चढला नाही. ते एवढंच म्हणाले, "मग मलाच आठवत नाही." आणि ते बाजूला जाऊन एका दगडावर बसले. त्या माणसाने चाळीस जागा उन्हात पायाखाली घातल्या होत्या. त्यातली एकही तो विसरला नव्हता. त्याला तो विसरला आहे असं मी पटवून दिलं, एका आकड्याने.

त्या जागेवर दीडशे फुटांनंतर धूळ ओली झाली. नशिबाने. पाणी बोटभर धारेचं होतं, दोन उन्हाळ्यांत आटलं, पण त्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचा जीव भांड्यात पडला. "पाह्यलं?" ते सर्वेक्षकांना मोठ्याने म्हणाले. "मशीन बरोबर, तुमी चुकले!" त्यानंतर यादीबद्दल कोणी प्रश्न विचारला नाही. चौथी जागा कोरडी, पाचवी थोड्या पाण्याची, सहावी कोरडी. पण आता ती खडकाची चूक समजली जाऊ लागली.

घरी येऊन मी कार्बनची नक्कल नव्याने लिहिली, पहिली ओळ गाळून. जुनी चुलीत टाकली.

शेवटच्या दिवशी गाडी परत निघाली. पुढे आमची जीप, मागे गाडी. मानोऱ्याचा फाटा आला. तो एक दिवस अजून हाताशी होता, आणि साहेब सहज म्हणाले, "जाता जाता रस्त्यावरची एखांदी जागा घेऊन टाकू का रे?"

मी म्हणालो, "तांड्याची घ्या ना, साहेब."

"यादीत कितवा हाय तो?"

"एकतिसावा."

"एकतिसावा!" ते वळून माझ्याकडे पाहू लागले. "मधली चोवीस गावं मले जित्तं ठेवतीन का? नायकानं तुले काही सांगतलं काय? का कोंबडं पोचलं घरी?" ड्रायव्हर खो खो हसला.

मी म्हणालो, "नाही, असंच."

फाट्यावर तांड्याची माणसं उभी होती. बायका जास्त. त्यांनी दगडांची ती रास रस्त्यावरून दिसावी म्हणून चुन्याने रंगवली होती. मला वाटलं होतं ते ओरडतील, गाडी अडवतील. कोणी अडवलं नाही. नायक सगळ्यांच्या पुढे उभा होता. जीप जवळ आली तसा त्याने हात वर केला, थांबवण्यासाठी नव्हे, रामराम करण्यासाठी केला असावा. साहेबांनीही हात वर केला. आम्ही पुढे निघून गेलो आणि मागून त्या अवजड गाडीचा आवाज फाटा ओलांडून आला.

मी जूनमध्ये कायम झालो.

सर्वेक्षकांनी त्याच पावसाळ्यात स्वेच्छेने काम सोडलं. त्यांच्या अर्जाची प्रत आमच्याकडे आली होती. स्मरण आणि दृष्टी आता या कामाला पुरत नाहीत, असं त्यांनी स्वतः लिहिलं होतं. ती प्रत फाईलला मीच लावली. पुढे त्यांचा पत्ता मिळवायला मी वीस वर्षं घेतली, आणि पत्ता मिळाला तेव्हा ते नव्हते. त्यांच्या मुलीला मी पत्र पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही. ते येण्याची वाट पाहण्याचा मला हक्क नाही.

तांडा दिवाळीनंतर उठला. काही घरं मानोऱ्यात गेली, काही ऊसतोडीला गेली ती तिकडचीच झाली. पुढे ती जमीन गावातल्या एका माणसाने घेतली आणि तिथे संत्र्याची बाग लावली. त्याच्या बोअरला एकशे दहा फुटांवर पाणी लागलं. हे मला एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने कौतुकाने सांगितलं. उतरायचं गाव मागे गेलं तरी मी बसून होतो.

निवृत्तीनंतरही मी गप्प राहिलो. निवृत्त माणसाला कोण काय करणार होतं? कोणी काही करणार नाही हे माहीत असताना गप्प राहिलो, म्हणजे आधीचं गप्प राहणंही नुसतं नोकरीच्या भीतीचं नव्हतं.

गेल्या महिन्यात मी नायकाच्या मुलाला शोधून काढलं. तो शेलूबाजारच्या स्टँडवर जीप चालवतो. पंचावन्नचा असेल. त्याला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. संगणक, अवतरणचिन्हं, याद्या, सगळं. मला वाटलं त्याला ते कळणार नाही. त्याने मधेच थांबवलं.

"म्हंजे देवाचं नाव पह्यल्या जागेवर बसवलं, अन् आमाले एक पायरी खाली ढकललं."

"हो."

"आमचा नंबर पह्यला होता?"

"पहिला. शहाऐंशी गुण."

त्याने जीपच्या बॉनेटवर हात टेकवला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. मारलं असतं तरी चाललं असतं.

"तुमाले एक गोष्ट मालूम नाई," तो म्हणाला. "त्या साली धरणाखाली आमाले जागा भेटत होती. पूर्ण तांड्याले. बापानं जाऊ देल्लं नाई. म्हने, खुंट्या ठोकनाऱ्या साहेबानं मले तोंडानं सांगतलं, पानी हाय, थांबा. लोक थांबले. उन्हाळाभर थांबले. गाडी निघून गेली, तवर तिकडली जागा बी गेली." त्याने खिशातून तंबाखूची डबी काढली, पण उघडली नाही. "मंग पंचायत बसली. म्हने, यानं लबाडी केली, साहेबानं असं काही म्हटलंच नसन. त्याचं नायकपन काढून घेतलं. मरेपर्यंत बाप एकच सांगे, साहेब म्हनले होते. आमी पोरं बी कंटाळलो. मी सोता म्हटलं त्याले, बस कर आता, बुढ्या."

"साहेब म्हणाले होते," मी म्हणालो. "मी तिथे होतो. 'आहे, चांगलं आहे', असं म्हणाले. मी ऐकलं."

"मले सांगून काय फायदा?"

"मग मी काय करू?"

"लिहून द्या. त्या टायमाचे दोन-चार म्हातारे हायत अजून मानोऱ्यात. वाचून दाखवतो त्यायले." सवाऱ्या जीपमध्ये बसून हाका मारत होत्या. तो चढला, किल्ली फिरवली, आणि डोकं बाहेर काढून म्हणाला, "कोनाचं नावगाव नका टाकू. साहेब काय बोलले, तेवढं बराबर लिव्हा."

ते वर लिहिलं आहे. सर्वेक्षक नायकाला जे म्हणाले ते तसंच्या तसं लिहिलं आहे, माझा त्यात एकही शब्द नाही. ही पानं मी स्वच्छ अक्षरात दुसऱ्यांदा उतरवून काढली, कारण म्हाताऱ्यांना वाचून दाखवायची आहेत. मंगळवारी तो इकडून जाणार आहे, तेव्हा घेऊन जाईल.